शंभर बारचं मशीन

११ जानेवारी १९९४, मंगळवार

आज कशेळीला माझं आयुष्य बदललं. ट्रॅफिकमध्ये अडकल्यामुळे.

सिराजच्या हारूनचाचांच्या टेम्पोत पुढे बसलो होतो. सिराज चालवत होता. मागे कापडाचे तागे, पुढे गाड्याच गाड्या, काही हलेना. डाव्या हाताला एका गोडाऊनच्या अंगणात एक माणूस ट्रक धूत होता — बादली नाही, फडकं नाही. हातात बंदुकीसारखं काहीतरी, आणि त्यातून पाणी सुटत होतं ते सुरीसारखं. चाकामागचा चिखल भाकरीएवढे पोपडे होऊन गळत होता. खालून निळा रंग निघाला. त्या ट्रकवाल्यालासुद्धा माहीत नसेल आपला ट्रक निळा आहे! रस्ता मोकळा झाला, मागचे हॉर्न मारायला लागले, तरी मी सिराजला म्हटलं, थांब.

"काय झालं? पोरगी दिसली?"

"मशीन."

"तू आजारी आहेस यार."

आजारी नाही. परवा गावी, दिघाशीला, मामाने सगळ्यांसमोर विचारलं, "कालेज सोडलंस. बरं. मग आता हातात काय हाय तुझ्या?" माझ्या हातात तेव्हा भज्यांची बशी होती. बकुळा हसली. मामाची मुलगी. लहानपणापासून सगळं गाव तिला माझ्या नावाने चिडवतं, आणि आता मामा एसटीतल्या कुणा महादू कंडक्टरचं स्थळ बघतोय! मी बशी आपटून निघून आलो. कॉलेजातूनही असाच आलो होतो — सर म्हणाले, "बाहेर जा", मी बाहेर गेलो तो गेलोच.

पण आज उत्तर सापडलं. पाण्याच्या प्रेशरने धुण्याचा धंदा. ट्रक, टेम्पो, लूमच्या कारखान्यांच्या तेलकट फरशा. भिवंडीत मळ कमी आहे का?

१२ जानेवारी

आईला सांगितलं, प्रेशरचा धंदा करणार.

आई म्हणाली, "तुझ्या आजोबांना पण प्रेशर होतं. मीठ कमी खा."

बाबा जेवत होते. त्यांनी आणखी भात वाढून घेतला. बाबा नगरपालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्व्ह उघडतात आणि बंद करतात. घरात बहुतेक वेळ बंदच असतात.

१९ जानेवारी

मशीन बघायला मुंबईला, नागदेवीच्या मशिनरी बाजारात गेलो. सिराज बरोबर. सिराज माझा भागीदार — त्याने स्वतःच जाहीर केलं. दुकानदार गादीवर बसलेला, चष्म्यावरून बघणारा.

"कितने बार का चाहिए?"

मी म्हटलं, "एक ही बार."

"एक बार में क्या होगा? कम से कम सौ बार लो."

मला वाटलं फसवतोय. म्हटलं, "सेठ, एक बार लेंगे. सौ बार क्यों लेंगे? हम पागल हैं क्या?"

"अरे भाई, एक बार से तो कप भी नहीं धुलेगा!"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, गिऱ्हाइकाशी असं बोलतात का, तुमच्यासारखी छप्पन दुकानं आहेत. सिराजने मला ओढत बाहेर आणलं. शेजारच्या दुकानात कळलं की बार म्हणजे पाण्याच्या दाबाचं माप! शंभर बारचं मशीन म्हणजे तेवढ्या जोराचं मशीन. परत पहिल्या दुकानात जायची लाज वाटली. पण माल त्याच्याकडेच चांगला होता. सिराज एकटा गेला. आतून हसण्याचा आवाज येत होता, बराच वेळ.

२२ जानेवारी

दोन पर्याय आहेत. एक — विजेचं. छोटं, चाकांवरचं, आवाज नाही, दिसायला झकास. दुसरं — नुसता पंप घ्यायचा आणि पट्टा लावून डिझेल इंजिनावर चालवायचा. इंजिन हारूनचाचांच्या कारखान्यामागे पडून आहे. काळं, जड, चालू केलं की अख्खी कामतघरची वस्ती खोकते.

मला विजेचं हवं. बकुळासमोर ढकलत नेता येईल.

सिराज म्हणाला, "आणि लाइट गेली की? शो-केसमध्ये ठेवशील?"

मी म्हटलं, तुला सौंदर्य कळत नाही. तो म्हणाला, तुला भिवंडी कळत नाही. हे तावातावाने चालू असतानाच लाइट गेली. समोरचे लूम एकदम गप्प झाले. सिराजने नुसतं वर विझलेल्या बल्बकडे बघितलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

डिझेल.

२४ जानेवारी

आज एसटीच्या कंडक्टरशी भांडलो. तो महादू नव्हता. तरी.

३ फेब्रुवारी

पंप आला! माझी सायकल गेली, सिराजचा टेपरेकॉर्डर गेला. पंप, होजपाइप, गन, दोन नोझल — एकातून पाणी पंख्यासारखं पसरतं, दुसऱ्यातून सुईसारखं एकाच जागी लागतं. वर दाबाचं घड्याळ. चाळीच्या गॅलरीत ठेवलाय. इंजिन चाचांकडेच. येणारे-जाणारे थांबतात. शेजारच्या काकू विचारत होत्या, "ह्यात मसाला होतो का?"

६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मामा. धुवट सदरा, छत्री, डोळे लाल. आईने पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"ताई, तुझ्या पोराला इचार. बार काढतोय म्हनं! एक न्हाय, शंभर बार! ठाण्यापास्नं वाड्यापतोर काय शंभर बार काढनार हाय?"

आमच्या गावचा चिंधू पंप घ्यायच्या आधी एकदा नाक्यावर चहा पीत होता. मी आणि सिराज बोलत होतो — शंभर बार घ्यायचा की दीडशे. चिंधूने ते कानात भरून नेलं आणि दिघाशीत ओतलं.

मामा विहारात दर पौर्णिमेला पंचशील म्हणून घेतो. पाचवं शील दारूचं. ते म्हणताना तो लोकांकडे एकेक करून बघतो, आणि लोक खाली बघतात. त्याचा भाचा बारवाला!

"मामा, बार म्हणजे दाब. हे घड्याळ बघ."

मामाने चष्मा लावला. घड्याळावर बोटाने टकटक केलं. "म्हंजी डाक्टर दंडाला पट्टा बांधून बघतो तसं?"

"तसंच!" आई म्हणाली. "मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतेय."

मग मामाने पाणी घेतलं. चहाही घेतला. जाताना गंभीरपणे म्हणाला, "बरं हाय. पन नाव बदल त्याचं. गावात तोंड दाखवायचं हाय मला." मी महादूविषयी विचारलं. म्हणाला, "बघतोय." म्हणजे अजून बघतोच आहे.

९ फेब्रुवारी

पहिलं प्रात्यक्षिक. हारूनचाचांचा टेम्पो. कारखान्यामागे इंजिन सुरू केलं, कावळे उडाले. मी गन धरली. नोझल सुईचं लावलं, कारण जास्त जोर म्हणजे जास्त स्वच्छ, असा माझा हिशोब.

चिखल गेला. मग धूळ गेली. मग रंग गेला. दारावर चाचांनी हौसेने नाव रंगवून घेतलं होतं, त्यातला 'हा' गेला. 'रून' उरलं.

चाचांनी उरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "बेटा, धूळ काढायची होती. टेम्पो नाही."

मी म्हटलं रंगच हलका होता. सिराजने माझ्या पायावर पाय दिला. पण ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की मशीन चालतं! पाण्याचा ड्रम मात्र पटकन रिकामा झाला. मोठा ड्रम घ्यावा लागेल.

१६ फेब्रुवारी

बकुळा भेटली. ती आठवड्यातून दोनदा भिवंडीला टायपिंगच्या क्लासला येते. क्लासच्या जिन्याखाली उभे राहिलो. मी तिला सगळं सांगितलं — डिझेल का, पंखा कुठे, सुई कुठे, होज रबरीच का. हातवारे करून सांगितलं. तिने नीट ऐकलं. मध्ये एकदा मान पण हलवली. मला वाटलं, झालं काम.

मग म्हणाली, "पानी कुठलं?"

"म्हणजे?"

"ट्रकला पानी लागंल ना. कुठनं आननार?"

मी हवेत धरलेला होज खाली ठेवला. गनही ठेवली.

"का मशीन पानी पन काढतं?" म्हणाली आणि वर निघून गेली. टकटक, टकटक. अख्खा क्लास मला हसत टाइप करतोय असं वाटलं.

घरी आलो. बाबांना म्हटलं, मला धंद्याला नळ पाहिजे.

"आपल्या चाळीला सकाळी एकदा पाणी सुटतं. बायका हंड्यांवरून भांडतात. त्यात तू ट्रक उभा करणार?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मला वाटलं विहीरबिहीर बघितली असशील."

पाणीखात्यातल्या माणसाचा मुलगा मी. सगळं निवडलं, पाणी सोडून!

२० फेब्रुवारी

विहीर.

मामाची विहीर! रस्त्याला लागून, वाड्याकडचे ट्रक दारावरून जातात, उन्हाळ्यातसुद्धा आटत नाही. देव नाही मानत, नाहीतर त्याचे आभार मानले असते.

२७ फेब्रुवारी, रविवार

दिघाशीला जाऊन आलो. मामा विहिरीच्या काठावर बसला होता. मी सगळं मांडलं. एकदाही आवाज चढवला नाही.

मामा म्हणाला, "इहीर देतो. भागीत. पन मग पोरगी न्हाय."

"का?"

"भागीदाराला जावई करत न्हाय मी. माझ्या भावानं सासऱ्यासंगं इटभट्टी काढली. आता बायको म्हायेरी, आनि भट्टीवर कुत्री झोपत्यात."

"मग विहीर राहू दे. बकुळा दे."

"इहीर न्हाय तर पानी न्हाय. पानी न्हाय तर धंदा न्हाय. बिनधंद्याच्या पोराला पोरगी कशी देऊ?"

मी मनात त्या गोलात दोनदा फिरून आलो. "म्हणजे कसंही नाहीच."

"शिकलेला हायस. लवकर कळलं तुला."

पुढच्या रविवारी महादूकडचे बघायला येणार. त्याआधी काय ते सांग, म्हणाला. मी उठलो, आवाज चढवला, बरंच बोललो. मामा ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "जेवून जा." मामीने तांदळाची भाकरी केली होती. जेवलो. बकुळाने वाढलं. माझ्याकडे बघितलं नाही.

२ मार्च

सिराज म्हणतो, विहीर घे, पोरी मिळतील. त्याच्याशी बोलणं बंद.

३ मार्च

आई म्हणते, पोरगी माग, विहिरी मिळतील. आईशी पण बंद.

४ मार्च

ठरलं. बकुळा. मशीन कशेळीच्या खाडीत टाकणार आणि लूमवर नाइट शिफ्ट धरणार. बिनधंद्याचा म्हणतो काय! उद्या सांगून टाकतो मामाला.

५ मार्च

गेलो नाही. मशीनला तेल दिलं. होज गुंडाळून ठेवला. पुसायला घेतलं तर संध्याकाळ झाली. असा कसा मी?

६ मार्च, रविवार

सिराज आत्ता येऊन गेला. बोलणं बंद असूनही. काल क्लासबाहेर बकुळाने त्याला थांबवून निरोप दिला. त्याने तो घोकत आणला :

"त्याला सांग, इहीर माग. मला मागायला मी काय इहीर हाय? महादूच्या लोकांना मी येऊ नका म्हनून कळवलंय, माझ्या बाबांना सांगूनच. आधी माझी परीक्षा. मग माझं मी ठरवीन, कोन ते."

सिराजला विचारलं, म्हणजे हो की नाही? तो म्हणाला, मला फक्त एवढंच पाठ करायला सांगितलं.

दोनदा म्हणून घेतलं त्याच्याकडून. दोन्ही वेळा तेच.

मामाकडे निघालो. विहीर मागायला. फक्त विहीर. आई विचारतेय कुठे, आल्यावर सांगतो म्हटलं — वही ठेवतो, दार ओढून घेतो.