दोरीवरचा पांढरा सदरा

परळी, मंगळवार, संध्याकाळ

धुण्याच्या पावडरवाल्यांनी आज आमा बायकांच्या डोक्यावर मेंदू वाचणारी तारांची टोपी घालून जाहिरात दाखवली. जाहिरातीत गच्चीवर दोरीला पांढरा सदरा वाळतोय. तो बघितला अन् माझं डोकंच सणकलं. आमच्या दोरीवर रोज थर्मलच्या चिमणीची राख बसते. एकच सदरा दोनदा धुवायचा.

कंपनीच्या पुण्याच्या साहेबांनी पडद्यावर सदरा दिसताच उसळलेली माझ्या मेंदूची रेघ दाखवली. "ताई, हेच तुम्हाला सगळ्यात आवडलं."

"आवडलं कुठलं? संताप आला मला!"

ते हसले. "माणूस तोंडानं काहीही बोलतो, ताई. मेंदू खोटं बोलत नाही."

मग मला बोलावलं तरी कावून?

घरी आले, तर दोरीवरचा सदरा करडा झालेला. झटकला, राख डोळ्यात गेली. आत्ता टोपी असती तर साहेबांनी लिहून घेतलं असतं, बाई लई खूश हाय.