सुखदाच्या भुंगेऱ्याला नाव देऊ नये

मी, प्रतिमा शशिकांत पिंपळापुरे, वय एकाहत्तर, निवृत्त कीटकशास्त्रज्ञ, राहणार विजय नगर, जबलपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझा आजार आता औषधांच्या पलीकडे गेला आहे. डोकं मात्र ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना तो पुरेसा वाटणार नाही त्यांनी तिसरं कलम वाचावं.

१. राहतं घर आणि बँकेत जे काही असेल ते माझे पती श्री. शशिकांत यांचं. त्यांच्यानंतर सगळं माझी भाची दुर्वा हिला मिळावं. आमची एकुलती मुलगी सुखदा कॉलेजात असताना डेंग्यूने गेली, त्यामुळे दुसरा वारस नाही. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून जमत नव्हतं.

२. सूक्ष्मदर्शक दुर्वाला. ती म्हणते, "मौसी, मला तर सगळे किडे एक जैसेच दिसतात." दिसू देत. तरी तिलाच द्यावा.

३. चौकटीच्या भुंगेऱ्यांचा माझा संग्रह प्रा. अभिराम कोलते यांच्या कॉलेजला द्यावा. हे भुंगेरे लाकूड पोखरणाऱ्या किड्यांना खातात, म्हणून जंगलखात्याने मला पोसलं. दर पावसाळ्याआधी पेट्यांत डांबरगोळ्या बदलाव्यात, नाहीतर दुसरे किडे यांनाच खाऊन भुगा करतील. प्रजाती ठरवताना पाठीवरच्या रंगीत चौकटींवर जाऊ नये, रंग फसवतात. आधी मिशा पाहाव्यात: करवतीसारख्या दातेरी आहेत की टोकाला गदा आहे. मग पावलाचे सांधे पाहावेत: पाचही वरून दिसतात की एखादा लपलेला आहे. त्यानंतर डोळे, आणि तोंडाजवळच्या स्पर्शकांचं टोक कुऱ्हाडीसारखं आहे का तेही. आमचे एक साहेब जन्मभर रंगावरून नावं देत राहिले आणि मोठ्या पदावरून निवृत्त झाले. ते भेटायला आले तर त्यांना चहा द्यावा, पेट्या उघडून दाखवू नयेत.

४. या संग्रहातून एक भुंगेरा वगळला आहे. तो सुखदाने शेवटच्या सुट्टीत सिहोऱ्याच्या लाकडाच्या वखारीत पकडला आणि मुठीत धरून घरी आणला. मुठीत त्याच्या दोन्ही मिशा तुटल्या. मिशांवाचून मला प्रजाती ठरवता येईना. ती गेल्यावर मी तो समोर घेऊन नुसती बसून राहायची.

एके दिवशी पाहते तर त्याला मिशा होत्या. माझे पती संरक्षण कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. त्यांच्या हाताला बारीक कामाची सवय. डिंकाने चिकटवलेल्या त्या मिशा खोबऱ्यात होणाऱ्या लाल पायांच्या भुंगेऱ्याच्या होत्या. तीन सांध्यांची घट्ट गदा, शेवटचा सांधा चौकोनी. मी भिंगाविनाही ओळखली असती. मी काही बोलले नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

गेल्या महिन्यात अभिराम संग्रह पाहायला आले आणि तो भुंगेरा पाहून खुर्चीतून उठलेच. "मॅडम, पावलाचे पाचही सांधे उघडे, अन् वर अशी गदा? ऐसा तो कहीं है ही नहीं! ही नवीन प्रजाती आहे!"

माझे पती दारातच उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "मंग तिले आमच्या सुखदाचं नाव देता येईन का हो, भैया?"

अभिराम म्हणाले, "काहून नाही, काकाजी? जरूर!"

इतक्या वर्षांत माझ्या पतींच्या चेहऱ्यावर तसा आनंद मी पाहिला नव्हता. मला रडू आलं. मी अभिरामना थांबायला सांगितलं आहे, पण मी गेल्यावर त्यांना कोण थांबवणार? म्हणून इथे स्पष्ट लिहिते: ही प्रजाती अस्तित्वात नाही. तिचं वर्णन कुठेही छापू नये आणि तिला कोणतंही नाव देऊ नये. कुणीतरी एक दिवस तो भुंगेरा तपासायला कोमट पाण्यात ठेवील, डिंक सुटेल आणि माझ्या लेकीचं नाव चुकांच्या यादीत जाईल. ते मला सहन होणार नाही, मेल्यावरसुद्धा.

तो भुंगेरा मी माझ्या पतींना देते. अहो, तुम्ही हे वाचाल तेव्हा रागावू नका. तुमच्यावर माझा राग कधीच नव्हता. कोमट पाण्याने डिंक सुटतो हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या मिशा मी काढल्या नाहीत. तुम्हीही काढू नका.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. खालील दोघांच्या समोर सही केली. त्या दोघांनाही यातून काही मिळायचं नाही.

सही: प्रतिमा शशिकांत पिंपळापुरे

साक्षीदार:
श्रीमती अंजनी दुबे, शेजारी
डॉ. आनंद मुळे

जबलपूर, १९ नोव्हेंबर २०२४