सरावाच्या तक्रारी

मंगळवार, ११ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही सगळे खुशाल असालच. मीही खुशाल आहे, आणि हे या वेळी नुसतं लिहायची रीत म्हणून लिहीत नाहीये. लाँड्रीत दोन नवी यंत्रं आली. माझे गुडघे कुरकुरतात, पण या वयात कोणाचे कुरकुरत नाहीत?

मोठी बातमी अशी, की आपली लाँड्री सध्या नगरपालिकेत गाजतेय. धुलाईमुळे नाही. सांगते.

डिसेंबरात पालिकेची एक मुलगी टॅब घेऊन आली. आम्ही तिला टॅबवालीच म्हणतो. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना कोणी भाषेवरून, रंगावरून त्रास दिला, तर पोलीस चौकीची पायरी न चढता तक्रार नोंदवायचं ॲप पालिकेने काढलंय. बारा भाषांत, त्यात आपलीही आहे. लिहिता येत नसेल तर बोलायचं. कपडे धुऊन होईपर्यंत लोक पाऊण तास बाकावर नुसते बसलेले असतात, म्हणून तिने दर मंगळवारी इथेच शिकवायचं ठरवलं.

लोक ऐकायचे, माना डोलवायचे. तक्रार मात्र एकही नाही. आपल्याला कोण कशाला त्रास देतंय, म्हणत बेकरीवाले काका टॅब परत करायचे. शेवटी तिने सरावाचं पान उघडलं. हुबेहूब खऱ्यासारखं, पण कुठेही न पोचणारं. म्हणाली, मनाने काहीतरी रचा आणि भरून बघा. मग काय, रांगच लागली. जो तो 'समजा' म्हणून सुरुवात करायचा.

फेब्रुवारीअखेर पालिकेतल्या तिच्या साहेबांचा निरोप आला. तीन महिन्यांत शून्य तक्रारी, म्हणजे या भागात सगळं आलबेल आहे, योजना बंद करा. टॅबवाली तोंड पाडून सरावाचं पान पुसायला बसली. पुसण्याआधी सहज वाचायला लागली, आणि वाचता वाचता माझ्या इस्त्रीच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. सत्तेचाळीस नोंदी. तारखा, गल्ल्या, दिलेल्या शिव्या, सगळं जिथल्या तिथे. काकांच्या 'समजा एक बेकरीवाला आहे' या नोंदीत काच फोडणाऱ्या दगडाचं वजनसुद्धा होतं, कारण त्यांनी तो दुकानाच्या तराजूत तोलला होता. रचलेल्या गोष्टीतला दगड कोण तोलतं गं?

पुढचे आठ दिवस आम्ही दोघी घरोघर हिंडलो. कपडे पोचवायच्या निमित्ताने मी बेल वाजवायची, मग तिने विचारायचं, ही नोंद खरी करू का? काका अडूनच बसले. आपण फक्त समजा म्हणालो होतो, एवढंच पालुपद. आम्ही निघालो तेव्हा दाराआडून म्हणाले, "बरं, समजा मी हो म्हणालो."

आम्ही जिन्यातच बसलो, हसून हसून. एकोणचाळीस जण हो म्हणाले. सात जणांनी नको म्हटलं, त्यांच्या नोंदी पुसल्या. योजना वाचली. परवा एक पोलीसबाई साध्या कपड्यांत आल्या, बाकावर बसून सगळ्यांचं ऐकलं, आणि ऐकता ऐकता कोणाच्या तरी चादरींच्या घड्याही घालून टाकल्या. इतका आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता.

हिशेबात तू पक्की आहेस. एक नोंद राहिली, हे तुझ्या लक्षात आलं असेल. ती माझी.

त्याआधी हे सांगते, की त्यातल्या सहा नोंदी एकाच माणसाविरुद्ध आहेत. सात नंबरची बस आणि हातात चहाचा थर्मास.

माझी नोंद अशी. समजा, दोघी बहिणी बसमध्ये आहेत. थोरली फोनवर आपल्या भाषेत मोठ्याने हसतेय. तो उठतो, तुमच्या देशात जाऊन हस म्हणतो, आणि तिच्या खांद्यावर गरम चहा ओततो. मग मागच्या सीटवरच्या धाकटीला विचारतो, ही तुझ्याबरोबर आहे का? धाकटी त्याच्या भाषेत म्हणते, "नाही. मी हिला ओळखत नाही."

ताई, घरी आपण चहा सांडला म्हणून सांगितलं. तू चार महिन्यांत बदली मागून घेतलीस, आणि सहा वर्षं झाली, फोनवर हळू बोलतेस. मी कधी विषय काढला नाही. त्या दिवशी मी भ्याले होते, आणि नंतर लाज वाटत राहिली.

त्या सहांपैकी एकीलाही साक्षीदार नाही. तुझ्या वेळी होता. मी पोलीसबाईंना सगळं सांगितलंय, मी काय बोलले तेही. तुझं नाव सांगितलं नाही, ते तू म्हणशील तरच. पण फॉर्ममध्ये 'त्या व्यक्तीशी नातं' असा एक रकाना होता. तिथे मी लिहिलं, सख्खी बहीण.

उशिरा का होईना, ओळख देणारी,
तुझी धाकटी


रविवार, १६ मार्च

धाकटे,

पत्र दोनदा वाचलं. काकांच्या दगडावर इतकी हसले की यांनी येऊन विचारलं काय झालं. मग त्यांना पुढचंही वाचून दाखवलं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

माझं नाव घाल, आडनावासकट. खांद्यावर डाग अजून आहे, तो दाखवायला मी स्वतः येते.

तुझ्यावर राग होता. आहे. पत्राने तो जायचा नाही, समोरासमोर बसून भांडावं लागेल, म्हणून आठवडाभराची रजा टाकलीये. जेवायला काय करायचं ते तू ठरव, भांडण मी ठरवते.

शनिवारी चार वाजता येईन, सात नंबरच्या बसने. थांब्यावर उभी राहा. गर्दी असेल. मी उतरले की लांबूनच हाक मार, आपल्या भाषेत, पार ड्रायव्हरला ऐकू जाईल अशी.

तुझीच,
ताई