पट्टीखालचा व्रण

लालबाग, ८ मे १९६०

प्रिय शेवंती,

अक्षर ओळखलंस ना? उजव्या हाताने लिहितेय, माझी मी. तू शेजारची खोली सोडून चिपळूणला मामांकडे गेलीस तेव्हा या बोटांत पेन धरवत नव्हतं. परवा महाराष्ट्र राज्य झालं म्हणून चाळीत पेढे वाटले, तर ताट याच हातात होतं!

गंमत कशी झाली ते ऐक. भाजलेलं भरलं, पण बोटांच्या मुळांपासून कोपरापर्यंत व्रण दोरखंडासारखा जाड, लाल होऊन बसला. नुसती खाज. गेल्या वर्षी अप्पांबरोबर मोर्चाला गेले आणि परळच्या नाक्यावर धडपडले. मनगट मुरगळलं. इस्पितळात लवचीक पट्टी घट्ट बांधून दिली. मी वेंधळी, दोन आठवड्यांची पट्टी दोन महिने बांधून बसले. सोडली तर पट्टीखालचा व्रण सपाट, मऊ. वरचा तसाच टणक!

ते पाहून इस्पितळातले डॉक्टर कोरगावकर खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "व्रणात कोलाजेनचे तंतू असतात. त्यांचा गुंता होऊन ढीग साचतो. सतत दाब राहिला की ते पातळ होऊन एकमेकांशेजारी नीट बसतात. का, ते मलाही पुरतं ठाऊक नाही." अप्पांना मिलच सुचणार. "म्हणजे आमच्याकडे कापड रुळांखालून दाबून काढतात, तसंच की!" मग आईने जाड कापडाची तंग बाही शिवली. अंघोळीपुरती काढायची, बाकी वर्षभर अंगावर. उन्हाळ्यात जीव नकोसा झाला. पण आता मूठ वळते गं.

हाताचं सांगून झालं, आता खरं लिहिते. अठ्ठावन्नच्या त्या दिवाळीत चकल्या तळताना तुझा पदर लागून कढई कलंडली असं सगळे म्हणाले, तूही तेच धरून बसलीस. शेवंती, स्टोव्हचा एक पाय लंगडा होता. त्याखाली मी रोज खापरी ठेवायचे. त्या दिवशी घाईत ठेवली नाही. मला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. आधी दुखत होतं, राग होता, म्हणून गप्प बसले. मग लाजेने गप्प बसले. तू रडत ट्रंक भरलीस, तेव्हाही. काल आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आधी त्या पोरीला कळव." तुझी काही चूक नव्हती. हवं तेवढं चिड माझ्यावर, पण इथे येऊन, समोर बसून चिड.

तुझीच,
मीनाक्षी