बोडीवरचा दोरा

डिसेंबर, दुसरा रविवार. गोरेगाव, संध्याकाळ.

कुरव, समुद्रावरचा तो पांढरा-करडा पक्षी, मेला. सकाळी बोडीवर, गावच्या छोट्या तळ्यावर, पोचले तेव्हा आमचा मासेमार शंकरभाऊ कंबरभर पाण्यात उभा राहून कुरवाच्या पंखात अडकलेला दोरा कापत होता.

"मॅडम, तुमीच त सांगतलं होतं," तो म्हणाला. "फटाके नोको फोडू, धागा बांध मनून."

हो, मीच. बोडीत सोडलेलं मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, खाणारे पक्षी हाकलायला तो फटाके फोडायचा. त्या फटाक्यांनी सारसही उडून जायचे, म्हणून बोडीवर बारीक नायलॉनचा दोरा ताणायला मीच लावलं. बगळे, पाणकावळे चार दिवसांत तो दोरा ओळखायला शिकले. समुद्रावरून इतक्या आत आलेल्याला कोण शिकवणार होतं?

शाळेत पोरांना किती रंगवून सांगते मी. कुरवांची एक जात युरोपातून अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोचली. आधी एखादाच भरकटलेला, मग दरवर्षी थोडे थोडे, मग सगळा हिवाळा तिथंच. ते आधीचे एकेकटे कशाने मेले, हे कधी सांगितलं नाही. मनात तरी कुठे आलं?

आपल्या बोडीवर गेल्या हिवाळ्यात एक आला होता, यंदा दोन. केवढी हरखले होते मी!

दुसरा अजून तिथंच घिरट्या घालतोय. "धागा काढ ना भाऊ," म्हटलं.

"मंग बीज तुमी राखाल का?"

त्याचं तरी काय चुकलं?

घरी येऊन पक्षीनोंदीची वही उघडली. 'कुरव, दोन' खोडून एक केलं. मृत्यूचं कारण, या रकान्यापाशी बराच वेळ पेन अडलं. मग लिहिलं, 'अज्ञात'.