बाळ्याची हाक

३ डिसेंबर, पोलादपूर
सासूबाईंना महाडच्या दवाखान्यातून घरी आणून आठ दिवस. उजवं अंग गेलं, वाचाही. नुसतं आ... आ. रजा संपली म्हणून हे परवा मुंबईला गेले. घरात आता मी, त्या आणि त्यांचा पोपट. सात वर्षांपूर्वी झाडाच्या ढोलीतून पडलेलं पिल्लू, त्यांनीच भरवून जगवलं. बाळ्या.
आज सकाळी तो थेट त्यांच्या आवाजात, "सुमे, पानी दे गो!" हातातलं पातेलं पडलं. धावत गेले. वाटलं, वाचा आली.

६ डि.
दिवसभर तेच. सुमे, पानी दे गो. डोकं उठलं. पिंजऱ्यावर फडकं टाकलं, तर सासूबाईंनी डाव्या हाताने खाट बडवली. काढलं फडकं.

११ डि.
तो उगाच नाही ओरडत. दाराआड उभी राहून बघितलं. सासूबाईंचा हात तांब्याकडे गेला, की हा मान वाकडी करून बघतो, मग हाक. तीनदा तसंच. मी स्वतः तांब्या हलवून पाहिला. गप्प. नुसती एक शीळ.
ह्यांना फोनवर सांगितलं. हसले. "पोपटच तो."
मला नाही हसू आलं. घरात त्यांचं मन ओळखणारा एकच, तो पिंजऱ्यात.

१७ डि.
लिहवत नाही, तरी लिहिते.
मी मागे कपडे धूत होते. आतून बाळ्या, "सुमे, धाव गो! धाव!" कोंबड्यांत मुंगूस शिरलं की सासूबाई अशा ओरडायच्या. म्हटलं, आठवलं असेल काहीतरी. "गप रे!" म्हणून ओरडले. तो थांबेना. मी चादर पिळून, झटकून, दोरीवर घातली, मग आत गेले.
सासूबाई खाटेखाली. कपाळाला खोक. बाळ्या गजांवर चोच आपटत होता, चोचीला रक्त.
शेजारच्या तानूकाकांनी उचलायला हात लावला. चार टाके. ह्यांना कळवलं, तोल गेला म्हणून. हाक ऐकली होती, ते...

२१ डि.
बाळ्या बोलत नाही. परवापासून पेरूलाही तोंड लावलं नाही. सासूबाई तांब्या चाचपतात, तो बघतो, गप्प राहतो. कितीदा म्हटलं, "हाक मार रे, येते मी." माझ्याकडे पाठ करून बसतो.

२४ डि.
वनखात्याचे दोघे आले. कुणी कळवलं कोण जाणे. देशी पोपट पाळणं गुन्हा आहे म्हणाले. सोमवारी न्यायला येणार.
मी म्हटलं, "साहेब, माझ्या सासूची वाचा हाय ती. त्याला सगळं कळतं."
तरुण हसला. वयस्कर होते ते पिंजऱ्यापुढे उकिडवे बसले. मग म्हणाले, "कळतं ना ताई? मग कसं ठेवलंत ह्यात?"
ते गेल्यावर मी पिंजऱ्याची कडी काढली, परत लावली.

रविवार
पिंजऱ्याचं दार उघडलं. बाहेर आला, पण उडाला नाही. सात वर्षांत पंखच विसरला असेल. खाटेच्या कडेने चालत सासूबाईंच्या हाताशी गेला.
विचारलं, "आई, देऊ का त्याला उद्या?"
त्यांनी डावा हात थोडा उचलला. दे म्हणाल्या की नको, कळलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा तसाच हात.
बाळ्या त्या हाताकडे टक लावून बघत होता. त्याला कळलं असणार. मला सांगेना.