मराठीत भाव पडतो

ती. आक्कास,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला, दोघांनीही आता जरा सबुरीनं घ्यावं ही इच्छा. इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून.

पोरीनं स्वतःचं लग्न स्वतःच ठरवलं, हे तुला ठाऊक आहेच. मुलगा तयार, आम्ही तयार, राहिला होता तो त्याच्या आईचा होकार. त्या बाईंना मी कधी पाहिलं नव्हतं आणि तिथंच घात झाला.

आमच्या चष्म्याच्या दुकानाचा नियम असा, की गिऱ्हाइकाशी कुठल्या भाषेत बोलायचं ते त्याच्या जुन्या चष्म्यावरून ठरवायचं. सोनेरी काडीला इंग्रजी, प्लॅस्टिकला हिंदी. मराठी कुणाशीच नाही. मालक म्हणतात, मराठीत भाव पडतो. (खरं आहे. ‘मॅडम’ निमूट पैसे देतात, त्याच ‘ताई’ झाल्या की काच फुकट मागतात. मालक घरी मराठीच बोलतात, पण तिथं त्यांना काही विकायचं नसतं.)

मंगळवारी सोनेरी काडीवाल्या एक बाई आल्या. अर्धा तास आमचं इंग्रजी चाललं. त्यांचंही माझ्याइतकंच लंगडं होतं, पण माघार कुणी घेईना. आतून डोळे तपासणाऱ्यानं विचारलं, “काय रे, घेतायत का काही?” मी आरसा धरून, हसतमुखानं, चांगल्या खणखणीत मराठीत सांगितलं, “घेतील. तोरा मोठा, नजर अधू. सगळ्यात महाग फ्रेम गळ्यात मारतो. तोंडाला शोभत नाहीये, पण त्या तोंडाला काय शोभणार?”

बाईंनी आरशात एकदा तोंड पाहिलं. मग फ्रेम खाली ठेवून म्हणाल्या, “राहू द्या हो. तोंड जुनंच आहे, चष्माही जुनाच चालेल.”

संध्याकाळी पोरगी त्या मुलाच्या घरून आली ती डोळे पुसतच. “बाबा, त्यांनी दुकान सांगितलं. टक्कलही सांगितलं.” (त्यांनी अर्धा तास मराठी का लपवली, हे कुणी विचारत नाही. मराठी बोललं की साध्या फ्रेमा दाखवतात, असं वाटलं असेल. तसं आम्ही करतोच म्हणा.) तेव्हापासून बायको माझ्याशी कुठल्याच भाषेत बोलत नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्राचं खरं कारण म्हणजे, तू त्या बाईंना फोन करून माझ्या वतीनं माफी माग. हा लहानपणापासून असाच, असं सांग. तुला ते मनापासून सांगता येईल.

आणखी ता. क. : फोन नको करूस. होकार आला. अट एकच, मुलीच्या वडिलांनी त्यांच्याशी कायम इंग्रजीतच बोलावं, त्यात ते सभ्य वाटतात. रविवारी बैठक आहे आणि माझं सगळं इंग्रजी फ्रेम आणि काचांपुरतं. तू तीस वर्षं शाळेत तेच शिकवलंस. शनिवारीच ये, बैठकीत माझ्या शेजारी बस, आणि मी मराठीत तोंड उघडलं की माझ्या पायावर पाय दे.